घरचं काडतूस

८ ऑक्टोबर २०१७, रविवार

त्या सकाळी मी देवाची पितळी भांडी चिंचेनं घासत होते. कुकर शिट्ट्या मारत होता, डबा अर्धा भरला होता, कणीक तशीच पडली होती. हे मागून आले नि म्हणाले, "ते चिंचेचं पाणी ओतू नको." बाटलीत भरून नेमबाजीच्या क्लबात कामावर घेऊन गेले! संध्याकाळी येऊन सांगतात काय, तर झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या त्यात बुडवल्या, अगदी निरांजनासारख्या निघाल्या.

आज क्लबात पुंगळ्या धुताना हाताला तोच वास आला, म्हणून हे सगळं आठवलं. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. काडतुसं भरायच्या मशीनपुढच्या ह्यांच्या जागेवर आता मी बसते. नेमबाजांनी पिस्तुलं झाडायची, मी रिकाम्या पुंगळ्या वेचायच्या, घासायच्या. मग टिकली, दारू, वर गोळी, की दांडा ओढायचा. काडतूस पुन्हा तयार! माहेरी मला झुरळ मारता येत नव्हतं.

१० ऑक्टोबर, मंगळवार

अर्बाबनी, म्हणजे क्लबाच्या अरब मालकांनी, केबिनमध्ये बोलावलं. "नूतन, कंपनी का माल अभी सस्ता हो गया. तुम्हारा वाला सस्ता है कि नहीं? संडे को बोलो. नहीं तो मशीन खलास."

मी म्हटलं, "इन्शाल्ला." दुसरं काय म्हणणार!

मशीन खलास म्हणजे मीही खलास. काम गेलं की व्हिसा गेला, व्हिसा गेला की इथल्या हमरिया भागातली ही खोली गेली. आणि ह्यांनी दांड्याला गुंडाळलेली चिंधी, जी मी आजवर बदललेली नाही, तीही गेली.

चार वर्षांपूर्वी काडतुसं मिळेनाशी झाली तेव्हा ह्यांनीच अर्बाबच्या मागे लागून हे मशीन आणवलं. सकाळ-संध्याकाळ एकच धोशा — "घरचं ते स्वस्त!" लोणच्याबद्दल बोलावं तसं बोलायचे.

११ ऑक्टोबर, बुधवार

मशीनचं इंग्रजी पुस्तक पुन्हा काढलं. मी सातवी पास. पहिल्यांदा वाचलं तेव्हा एका पानाला दोन दिवस लागले होते, आता चहा गार व्हायच्या आत पान होतं. त्यात लिहिल्याप्रमाणे मांडत गेले. टिकली, दारू, शिसं. पुंगळी तर आपलीच, फुकटची. उत्तर आलं — कंपनीच्या निम्म्यात!

स्वतःवर इतकी खूश झाले की रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

महमूदभाईंना कागद दाखवला. ते आमचे स्टोअरकीपर, रत्नागिरीकडचे. ह्यांचे दोस्त. चष्मा कपाळावर चढवून खालपर्यंत वाचला.

"झकास, वहिनी. पण ह्यात तुमचा पगार कुठंय?"

"माझा? काडतुसात माझा पगार कशाला?"

"मग दांडा काय जिन्न येऊन ओढतो?"

मी हसले. मग हसू आटलं. दिवाळीच्या चकल्यांना आपण काय धरतो? भाजणी, तेल, गॅस. कढईपुढे दिवसभर उभी असते ती बाई कोण धरतं? आईनं धरली नाही, सासूबाईंनी नाही, मी नाही. म्हणून घरची चकली स्वस्त! तीच अक्कल मी पिस्तुलाला लावली.

पगार धरून पुन्हा मांडलं. माझं काडतूस कंपनीच्या काडतुसापेक्षा महाग. बरंच महाग. दारू स्वस्त, शिसं स्वस्त, महाग काय ती मी!

महमूदभाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाले, "पहिलाच कागद द्या. अर्बाब कुठं एवढं बघतोय? मी सही करतो. गजेंद्रभाऊंची जागा आहे ती, राहा तुम्ही."

दोन्ही कागद घरी आणलेत.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

क्लबात गर्दी. पाठ धरली. लेकीचा, मनालीचा फोन — "आई, ये ना आता इकडे. आणि काडतुसांचं कुणाला बोलू नकोस हं, सासरी मी सांगितलंय, आई स्पोर्ट्समध्ये आहे." मी म्हटलं, बरोबर आहे, कॅप्टनच आहे मी.

पहिला कागद द्यायचा असं ठरवून झोपते आहे. कुणाचं काय जातंय?

१४ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी भांडी घासता घासता एकदम लक्षात आलं. ह्यांच्याही हिशोबात ह्यांचा पगार नव्हता.

ह्यांना पगार होता बंदुका दुरुस्त करण्याचा. दांडा ओढायचा तो ड्यूटी संपल्यावर, फुकट. "अगं, घरचं ते स्वस्त!" आणि मी इथे आमटी दोनदा गरम करून, ताट झाकून बसलेली. समुद्रावर जाऊ म्हणायचे. "उद्या नक्की." मत्राहचा समुद्र इथून किती लांब? टॅक्सीत बसलं की आलाच. ह्यांच्याबरोबर मी तो पुरता एकदाही पाहिला नाही.

अहो, त्या संध्याकाळी माझ्या होत्या! त्या कुणी धरल्या? सभासदांनी ढॅण ढॅण करून उडवल्या की सगळ्या!

दोन वर्षांत आज पहिल्यांदा ह्यांच्यावर चिडले. फोटोसमोर उभी राहून तोंडातोंडी भांडले. शेजारच्या रेखानं दार वाजवलं, "काकू, पाहुणे आलेत का?" म्हटलं, नाही गं, घरातलेच आहेत.

भांडल्यावर बरं वाटलं. मग रडले. मग भात लावला.

१५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी अर्बाबना सांगितलं — कंपनीची घ्या, माझा पगार धरला की माझी महाग पडतात. ते बघतच राहिले. "ये तुम खुद बोलता?" म्हटलं, हां. दुपारी महमूदभाईंकडून पाना मागून घेतला आणि मशीनचे चारही बोल्ट मीच सोडले.