टेकडीवर नेऊ नका

बाबा,

फोन कंपनीवरच्या आपल्या केसच्या वकीलबाईले भेटाले मी यवतमाळले चालली. भाकरी टोपल्यात हाये, खाऊन घ्या.

आज फोन कंपनीचे साहेब रेंज तपासाले पुन्हा येतीन. मागच्या खेपेले पाहुणा म्हणून तुम्हीच त्यायले टेकडीवर नेलं, अन् तिथून फोन लावून त्यायनं 'गावात रेंज हाये' असं लिहून देलं. मी तेव्हा लय बोलली, मनावर घेऊ नका.

आई तडफडत होती तेव्हा फोन कराले तुम्हाले त्याच टेकडीवर पळावं लागलं, तेवढ्यात ती गेली. आज साहेबाले तिच्या खाटेवर बसवा. चहा द्या. तिथूनच अॅम्बुलन्सले फोन लावाले सांगा, अन् लागेपर्यंत उठू देऊ नका.

प्रियंका