भेटीचा कागद

हॅरो,
शुक्रवार, १४ मार्च २००८

प्रिय अनुप,

रागावलेल्या आईचे अनेक आशीर्वाद. आधी आशीर्वाद लिहून टाकते, कारण पुढे काय लिहिलं जाईल ते माझ्या हातात नाही. पाकिटावर तुझं नाव, तुझा कैदी नंबर, मागे माझं नाव आणि पत्ता, सगळं तीनदा तपासलंय. मागच्या खेपेला नंबरातला एक आकडा चुकला, तर पत्र सतरा दिवसांनी शिक्का मारून परत आलं. तुझ्या बाबांनी एकोणतीस वर्षं या देशाचं टपाल लावलं, आणि त्यांच्या बायकोचं पत्र पोचू नये. ते असते तर त्यांनी चूक माझीच काढली असती, आणि ती माझीच होती. तरीपण.

पाच महिने झाले. ऑक्टोबरनंतर मी तुझं तोंड पाहिलेलं नाही. त्यातले तीन महिने माझ्यावर बंदी होती, ते मी मोजत नाही. पण बंदी अठरा जानेवारीला संपली. तेव्हापासून रोज अकराच्या सुमाराला दाराच्या फटीतून टपाल पडतं आणि मी हातातलं टाकून उठते. पिझ्झाची पत्रकं येतात, कौन्सिलचं पत्र येतं, तुझ्या बाबांच्या नावानं चष्म्याच्या दुकानाची आठवण येते की डोळे तपासायची वेळ झाली. भेटीचा कागद येत नाही. काय देश आहे हा! आईनं मुलाला भेटायचं तर मुलानं आधी व्हीओ, म्हणजे हा भेटीचा कागद, भरून पाठवायचा, आणि त्यावरचा नंबर सांगितल्याशिवाय बुकिंगच्या फोनवरची बाई आपलं नावही ऐकून घेणार नाही. मी तरी फोन केला. पाऊण तास एंगेज्ड, मग वीस मिनिटं गाणं, मग ती. म्हणाली, "नो व्हीओ, नो व्हिजिट, माय लव्ह." वर माय लव्ह!

तुरुंगाचा मला राग येतो, पण तो भिंतीचा राग. तिथे नियम आहेत आणि मी ते पाठ केलेत. खरा राग तुझा येतो. तुझ्याकडे महिन्याला कागद आहेत, पेन आहे, शिक्षण तर इतकं आहे की त्याची फ्रेम हॉलमध्ये लावलीय. आणि निरोप पाठवतोस कुणाकडून, तर विष्णूभाईंकडून. ते बिचारे तुरुंगाचे चॅप्लेन, धर्मगुरू म्हणून दर बुधवारी तुम्हा हिंदू मुलांना भेटायला तिकडे जातात. त्यांनी एजवेअरच्या देवळात मला बाजूला घेतलं, चपला घालता घालता. "बेन, अनुप बोलतो, मम्मीला इंडिया जाऊ दे, मामाकडे. अहिंयां एकली शुं करशे?" मी म्हटलं, इथे एकटी काय करीन ते मी बघीन, पण भाई, त्याला तोंड आहे का? तर हसले आणि दुसरी चप्पल शोधायला लागले. फोनच्या यादीत माझा नंबर आहे ना तुझ्याकडे? तो मंजूर करून घ्यायला सहा आठवडे गेले होते. तो काय दसऱ्याला पूजेत ठेवायला?

मामाला तुझा हा निरोप कळला आणि त्याला जोर आला. दर रविवारी सांगलीहून फोन. "अक्का, वर्षश्राद्ध झालं आता. तिकडं काय राह्यलंय तुझं?" मी म्हटलं, दादासाहेब, मुलगा राहिलाय. तर म्हणाला, "तो काय पळून चाललाय व्हय?" मला इतकं हसू आलं की फोन ठेवावा लागला. हसले म्हणून मग दिवसभर स्वतःचाच राग आला. वरची खोली त्यानं रंगवून घेतलीय माझ्यासाठी, फिकट पिवळी. वहिनी म्हणाली, उन्हं चांगली येतात.

आता ऑक्टोबरचं. त्याबद्दल आपण दोघं एक शब्द बोललेलो नाही. तू मला त्या शनिवारी पाहिलंस ते मला माहीत आहे. तू आत टेबलाशी, भेटीच्या वेळी कैद्यांना घालायला लावतात ते नारिंगी बिब घालून बसला होतास, आणि मधल्या काचेतून मला बाजूच्या खोलीत नेताना तू उठून उभा राहिलास. तुला कुणीतरी खाली बसवलं. त्याआधी काय झालं ते सांगते. झडती घेणारी मुलगी चांगली होती, कस्तुरीच्या वयाची, तुझी चुलतबहीण कस्तुरी रे. तिनं विचारलं, "वॉट्स धिस, डार्लिंग?" माझ्या कमरेच्या रुमालात वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी होती. आपल्याकडच्या बायका नाही का, जपायची वस्तू पर्समध्ये ठेवत नाहीत. मी म्हटलं, होली ॲश, मुलाच्या कपाळाला लावायची, देवळातली. तिनं उघडली. करडी पूड. तिचा चेहरा बदलला. मागे रांगेत उभ्या असलेल्या दोन बायका एक पाऊल मागे सरकल्या, मला चिकटायला नको म्हणून. मग दोन तास मी त्या खोलीत, पोलीस येईपर्यंत. चहा दिला त्यांनी, खोटं कशाला बोलू.

मी त्यांचं नियमांचं पुस्तक शब्दकोश घेऊन वाचलेलं आहे, अनुप. चौथीतून शाळा सुटलेली बाई मी. तू पाच वर्षांचा असताना लायब्ररीतून आणलेल्या तुझ्या कुत्र्यामांजरांच्या पुस्तकांवर मी इंग्रजी शिकले, तू झोपलास की तीच पुस्तकं परत वाचून. नियमांच्या त्या पुस्तकात मनाई असलेल्या वस्तूंची यादी आहे: मोबाइल, कॅमेरा, दारू, च्युइंगगम. अंगारा नव्हता. मी असं समजले की जे लिहिलेलं नाही ते चालतं. एवढा मोठा मूर्खपणा मी पन्नाशी उलटल्यावर केला. माझ्यावर तीन महिने बंदी आली, तुझं किचनमधलं काम गेलं, चांगल्या वागणुकीबद्दल मिळालेला वरचा दर्जा गेला. डिसेंबरात पत्र आलं की तपासणीत काही आक्षेपार्ह निघालं नाही, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आणि वस्तू नष्ट करण्यात आली आहे. बंदी मात्र उठली नाही. तुझ्या काकांच्या सुयशनं वाचून दाखवलं, मला वाचता येतं तरी. म्हणाला, "काकू, गुड न्यूज, तुझी पावडर निगेटिव्ह आली." मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिले. त्याला वाटलं, मला आनंद झाला.

तो अंगारा नव्हता, अनुप. ते तुझे बाबा होते.

गेल्या मार्चमध्ये तुला वीस मिनिटांसाठी क्रेमॅटोरियममध्ये आणलं. तू मागच्या बाकावर, एका हाताला बेडी, बेडीच्या दुसऱ्या टोकाला तो उंच माणूस. त्यानं त्याचा कोट तुमच्या हातांवर टाकला होता, म्हणजे लोकांना दिसू नये. मला त्याचे उपकार वाटले. दहनाचं बटण सुयशनं दाबलं. तुला पुढे येऊ दिलं नाही. तू मान खाली घालून बसलास आणि मी वळून पाहिलं तेव्हा जागा रिकामी होती. अस्थी तुझे काका घेऊन गेले, कृष्णेत सोडल्या. थांबा म्हणण्याची माझी ताकद नव्हती, आणि थांबायचं तरी किती वर्षं? पण त्यांना न सांगता मी चिमूटभर काढून ठेवली होती. तू नुसतं बोट लावलं असतंस तरी पुरे होतं. मग घरी आणून मी कुंडीत टाकली असती, त्यांच्या गुलाबाच्या. तुला तिथे टेबलावर काय सांगायचं ते मी ट्रेनमध्ये तीन वेळा ठरवलं आणि तीन वेळा बदललं. झडतीवालीला अंगारा म्हटलं, कारण नवऱ्याची राख म्हणायला मला इंग्रजीत काय, मराठीतही तोंड नव्हतं. ज्या माणसाला उभ्या आयुष्यात पार्किंगचं तिकीट लागलं नाही, त्याची शेवटची चिमूट प्लास्टिकच्या पिशवीत नंबर लावून तपासाला गेली. बाप आणि मुलगा, दोघांनाही नंबर मिळाला.

हे तुला रडवायला लिहीत नाही. तुला वाटतंय की तुझ्यामुळे आईची अब्रू गेली, म्हणून तिला या सगळ्यातून सोडवावं. विष्णूभाई स्पष्ट बोलले नाहीत, पण मला कळतं. चूक तुझी नव्हती, माझी होती. आणि अब्रू माझी आहे, ती कुठे खर्चायची ते मी ठरवीन. रांगेत उभं राहायला मला लाज वाटत नाही. त्या रांगेत ग्लासगोहून येणारी एक आजी आहे, पहाटे चारला निघते, आणि ती मला कोळंबीचं कालवण कसं करतात ते विचारते. तुझी लाज तुझ्याजवळ ठेव, माझ्या वाट्याची मला देऊ नकोस.

एक गोष्ट मात्र मी तुझ्याशी कोर्टापासून आजपर्यंत बोललेले नाही. सायकलवरची ती मुलगी. तू गाडी चालवताना मेसेज वाचत होतास, आणि ती बावीस वर्षांची होती. तिची आई कोर्टात माझ्यापासून चार खुर्च्यांवर बसली होती, निळा कोट, मांडीवर हातमोजे. एकदा तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले, दुसरं काही सुचलं नाही. तिनं मान वळवली, तिचं बरोबरच होतं. मी तिचा रोज विचार करते. तिला कुठल्याही फोनवर पाऊण तास थांबून मुलीची भेट मिळायची नाही. मला मिळते. मग ती मी तुझ्या भिडेखातर, तुझ्या त्या समजूतदारपणाखातर सोडून देऊ? तुला शिक्षा झाली ती योग्य झाली, हे मी तुझ्या तोंडावर म्हणेन. पण न भेटण्याची शिक्षा त्या जजनं दिलेली नाही. ती तू आपल्या मनानं वाढवलीस, आणि अर्धी मला वाटून दिलीस.

आता पत्र लिहायला का बसले ते. मामानं तिकीट काढलं होतं, आजचं, पावणेदोनचं विमान. सुयश दहाला गाडी घेऊन आला. बॅग भरलेली होती, गॅस बंद केला होता, शेजारी किल्ली दिली होती. मी कोट घातला, एक बाही घातली आणि थांबले. म्हटलं, सुयश, तू ऑफिसला जा. तो म्हणाला, "काकू, आर यू शुअर?" नाही म्हटलं, शुअर नाही, पण जा. आता अडीच वाजलेत. विमान गेलं असेल. मामाला अजून कळवलेलं नाही, तो चिडेल आणि मग वहिनीवर ओरडेल. संध्याकाळी करीन फोन. आधी तुला सांगायचं होतं. मी जात नाही. तू सुटेपर्यंत तर नाहीच, पुढचं पुढे. तू कागद पाठवलास तर शनिवारी तुझ्यासमोर बसेन, नाही पाठवलास तर इथे या टेबलाशी बसेन, पण बसेन याच देशात. येताना काही आणणार नाही. रुमालसुद्धा नाही.

तुझीच,
चिडलेली आणि कुठेही न गेलेली,
आई