ताईच्या पेशी आणि मी

३ मार्च
आरशात पाहिलं. शी. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तोंडाचा भोपळा झालाय. ताईने स्टेम सेल्स दिल्या, माझा ब्लड कॅन्सर गेला, त्याला आता दोन वर्षं होतील. तरी तिच्या पेशी माझ्या अंगाला परकं समजून हल्ला करतात, तो थोपवायला या गोळ्या, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. यात नवल काय? ताईसुद्धा आमच्याकडे आली की आधी स्वयंपाकघरातले डबे हलवते.

संध्याकाळी
नीट विचार केला. गोळ्या पेशींना गुंगीत ठेवतात. गुंगीतल्या पेशी मला ओळखणार कशा? उद्यापासून अर्धीच गोळी. हळूहळू ओळख वाढेल. कोणाला सांगायचं नाही. लोकांना शास्त्र कळत नाही.

९ मार्च
झकास वाटतंय. तोंड आलंय, पण ते टूथपेस्टमुळे. बदलली.

१४ मार्च
पुन्हा बदलली. गालाच्या आत पांढरी जाळी, कोमट पाणीही झोंबतं. उशीवर कातडीचे पापुद्रे. किळस आली, झटकले. डोळ्यांत रेती. शेजारी भिंत फोडतायत, त्याची धूळ. बायको म्हणाली, धूळ काय तुझाच पत्ता विचारत आली? तिला प्रत्येक गोष्ट ताणायची सवय आहे.

२० मार्च
गोळी पूर्ण बंद. बायको समोर असली की जिभेखाली धरतो, मग बेसिनमध्ये थुंकतो. कडूजहर. ओकारी येते, पण एवढं सोसायला हवं. हाताची कातडी ताठरलीये, मूठ नीट उघडत नाही. साबण बदलला.

२४ मार्च
ताईला मुद्दाम बोलावलं. तिच्याशी गोड वागलो तर तिच्या पेशीही निवळतील. आल्या आल्या डबे हलवले. मी हूं की चूं केलं नाही. मग तिने टॉर्च लावून माझं तोंड बघितलं. म्हणाली, शी, काय रे हे, गटार झालंय नुसतं! गोळ्या घेतोस ना? घेतो म्हणालो. उगाच विषय कशाला वाढवा?

२ एप्रिल
जिना चढताना धाप. आज नळीत फुंकायची तपासणी. बायको आणि ताई, दोघी सोबत येणार. असं फुंकणार आहे की सगळ्यांची तोंडं बंद.

दुपारी
पहिल्यांदा खोकला आला. दुसऱ्यांदा लाळ. तिसऱ्यांदा टेक्निशियन म्हणाला, काका, करा ना सुरू. माझं फुंकून झालं होतं.

परत आल्यावर
हल्ला फुप्फुसांवर गेलाय. जेवढं गेलं तेवढं परत येत नाही म्हणे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या रोज घेता ना? बायको म्हणाली, हो, माझ्यासमोर. मी मान डोलावली. त्या म्हणाल्या, गोळ्या घेऊनही एवढं, म्हणजे बहिणीच्या पेशी फारच आक्रमक आहेत. आणखी कडक औषध लिहून दिलं.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. बाहेर बाकावर बसलेल्या ताईने सगळं ऐकलं. मी बाहेर आलो तर पदर तोंडात धरून रडत होती. म्हणाली, माझंच रक्त नासकं निघालं रे. द्यायलाच नको होतं मी तुला.

सांगणार होतो. उद्या नक्की सांगतो. आज बोलताना फार दम लागतोय.