मिनासोकोचं भूत

११ एप्रिल

भूत आहे. आता शंकाच नाही. आज ऑर्किडच्या नव्या फुटव्याला तिसरं पान सुटलं आणि तेही पांढरंशुभ्र, हिरवी रेघ शोधूनही सापडत नाही. सकाळचा उजेड त्यातून आरपार गेला. मी बघत बसले. खालून त्सुनेओची हाक – "बाईसाहेब, इस्त्री तापून गार झाली!" नवरा असला की स्वप्नं पुरी होत नाहीत.

१२ एप्रिल

लिहून काढते, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.

मिनासोको म्हणजे पाण्याचा तळ. हे नाव आम्हाला ऑर्किड शिकवणाऱ्या ओकाबायाशी गुरुजींनी ठेवलं. उन्हाळ्यात निओदो नदीच्या पाण्यात वाकून पाहिलं की तळाच्या गोट्यांवर उजेडाच्या रेघा हलतात, तशा रेघा या ऑर्किडच्या पानांवर आहेत. डोंगरातल्या एका पडलेल्या झाडाच्या फांदीवर त्यांना ते मिळालं, त्यांच्या तरुणपणी. आमच्या ऑर्किड मंडळाची रीत अशी, की एकुलत्या झाडाचा एक फुटवा दुसऱ्याच्या घरी राखणीला द्यायचा. आपलं गेलंच, तर तिथून परत घ्यायचा. गुरुजींनी राखणीला मला निवडलं तेव्हा मंडळातला निशिमोरी आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात गुरुजींचं झाड थंडीनं गेलं. म्हणजे आता जगात मिनासोको एकच, आमच्या लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत, वीतभरसुद्धा नाही. पुढचा फुटवा तुमचा, असं मी त्यांना तेव्हाच कबूल केलं होतं. आणि आला तो हा!

पुरत्या पांढऱ्या फुटव्याला आम्ही भूत म्हणतो. हिरवेपणा नाही म्हणजे स्वतःचं अन्न स्वतः करता येत नाही. भूत आईच्या, म्हणजे मूळ झाडाच्या, जिवावर जगतं. कापलं तर ते मरतं, नाही कापलं तर आई खंगते. दुसऱ्या कुणालाही मी जे सांगितलं असतं, ते मला माहीत आहे – काप. काल दिवसभर दुसऱ्यांचे शर्ट दुमडताना मी स्वतःला तेच सांगत होते. संध्याकाळी वर गेले आणि पाणी घातलं.

२० एप्रिल

स्वप्न पडलं. नदीच्या तळाशी बसले होते आणि श्वास घेता येत होता. वर कुणीतरी वाकून बघत होतं, तोंडापुढे कागद धरून. कोण ते कळायच्या आत जाग आली. उशी ओली होती, पण रडल्याचं काही आठवत नाही.

८ मे

मंडळाची सभा. झाड घेऊन गेले. लपवण्यात अर्थ नव्हता.

सगळ्यांनी रीतीप्रमाणे तोंडापुढे कागद धरून, श्वास लागू न देता पाहिलं. पहिला बोलला निशिमोरी. जन्म बोनिटो मासे धरायच्या बोटीवर गेला, त्यामुळे बोलतो ते अजून वाऱ्याच्या वरच्या आवाजात – "बोटीला भोक पडलं तर बुजवतात, सानाए. भोकातून चांदणं किती छान दिसतं म्हणून बघत बसत नाहीत."

औषधांच्या दुकानातली चिकाको माझ्या बाजूनं उठली. आमच्यात वयानं सगळ्यात लहान आणि जिभेनं सगळ्यात मोठी. म्हणाली, "पानावरची रेघसुद्धा झाडाची खोडच की. थोडी खोड असली तर बक्षीस आणि पुरती असली तर कात्री? हा कुठला न्याय?"

निशिमोरी म्हणाला, "मीठ चिमूटभर आणि मीठ पोतंभर, यात फरक असतो, पोरी. तुझ्या हातचं सूप प्यायलं की कळतंच."

सगळे हसले, चिकाकोही. मग वाद फुलांवर गेला, नेहमीसारखा. हे पानांचं झाड, कळी दिसली की खुडावी, असं म्हणणारे एकीकडे. आणि अहो, पण ते वासाचंही आहे, असं म्हणणारे दुसरीकडे. चहा गार झाला. गुरुजी मात्र एकच वाक्य बोलले, माझ्याकडे न बघता. "कापून टाक."

राखणदाराच्या हातातलं झाड हे राखणदाराच्या विचारानं चालतं. तीही रीतच. त्यामुळे हुकूम ते देऊ शकत नाहीत. दिला असता तर बरं झालं असतं.

१९ मे

आईच्या सर्वांत खालच्या पानाचं टोक पिवळं. कदाचित उन्हामुळे.

२२ मे

ऊन नाही. दुसरंही पिवळं.

७ जून

पाऊस कालपासून लागून राहिलाय. कपडे वाळत नाहीत, यंत्राच्या वाफेनं घर भरलंय. वर जाऊन बसलं की वाटतं ढगात बसलेय. भुताला कळ्यांचा तुरा आलाय! पाच कळ्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या, त्याही पांढऱ्या. स्वतःला खायला नाही आणि फुलायची हौस.

त्सुनेओ मागे येऊन उभा राहिला. "कापणार होतीस ना?"

"उद्या."

"मला एक सांग, झाडाला भूत लागलंय की तुला?"

त्यानं माझ्यापुढे आल्याचा चहा ठेवला आणि खाली गेला. खोटं कशाला लिहू, मला आनंद होतो त्या पांढऱ्याकडे बघून. असा आनंद मला लग्नात झाला नव्हता, दुकान निघालं तेव्हाही नाही. आणि प्रत्येक वेळी बघून झालं की आईचं एक पान सैल झालेलं असतं. हे दोन्ही मला एकाच वेळी दिसतं आणि तरी कात्री उचलवत नाही.

५ जुलै

देवळाच्या सभागृहात प्रदर्शन. काळं कापड, सोनेरी काठाच्या कुंड्या, मॉसच्या शेवाळाचे उंच ढीग. माझ्या पाटीवर लिहिलं – 'मिनासोको. राखण – कुसुनोसे सानाए.' भूत असलेलं झाड बक्षिसाला धरत नाहीत, म्हणून कडेच्या टेबलावर. पण रांग तिथेच लागली! बाहेरगावच्या एक बाई विचारत होत्या, हे कागदाचं आहे का. निशिमोरीची रेघांची सुंदर झाडं तशीच एकटी उभी. तो येऊन म्हणाला, "लोक आजाऱ्याला बघायला गर्दी करतात, कामकऱ्याला कोण बघतं?" म्हणाला रागानं, पण नंतर स्वतःही रांगेत लागला. दोनदा.

गुरुजी दुपारी आले. तोंडापुढे कागद धरून वाकले. तसेच राहिले. चौऱ्याऐंशीव्या वर्षी कंबर इतका वेळ वाकून राहते कशी? तेवढ्यात आईचं एक पान गळलं. कुणी हात लावला नव्हता. काळ्या कापडावर ते हिरवं-पिवळं पान पडलं.

मला वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलतील. त्यांनी पान उचललं, तोंडापुढच्या कागदात घडी घालून ठेवलं आणि काही न बोलता निघून गेले. दोन शिव्या दिल्या असत्या तर मी घरी येऊन जेवले तरी असते.

६ जुलै

फुमीकाकू, गुरुजींच्या पत्नी, सकाळी दुकानात आल्या. हातात गुरुजींचा किमोनो. मी बघितला तर स्वच्छ होता.

"डाग कुठे आहे, काकू?"

"डाग नाही गं. यायला निमित्त हवं ना."

त्सुनेओ शहाणा. मागच्या खोलीत गेला आणि यंत्र सुरू केलं. काकू गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "आमचं झाड थंडीनं गेलं असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. थंडीबिंडी काही नव्हती. आमच्याकडेही भूत आलं होतं, सानाए."

मी हातातला किमोनो खाली ठेवला.

"मागच्या खोलीत ठेवलं होतं, कुणाला दिसू नये म्हणून. रोज सकाळी ब्लेड घेऊन बसायचे. रोज म्हणायचे, आज नको, उद्या. तीन वर्षं! शेवटी आईही गेली आणि तेही गेलं. मंडळात तुला 'कापून टाक' म्हणून घरी आले ना, त्या दिवशी जेवले नाहीत. आणि कालपासून ते पान देवापुढे ठेवून बसलेत."

जाताना किमोनो न्यायला विसरल्या. मी तो नुसता इस्त्री करून ठेवला. आख्ख्या गावाला ऑर्किड शिकवणारा माणूस, आणि त्याचंही माझ्यासारखंच. रडू आलं. काय करायचं ते मग मला कळलं.

७ जुलै

झाड मांडीवर घेऊन बसनं गुरुजींकडे गेले. हातात किमोनो. त्यांनी आधी झाडाकडे पाहिलं, मग काकूंकडे. काकू तडक चहा करायला उठल्या.

"तुम्ही कापा, गुरुजी."

"माझ्या हाताला सांगू नकोस. तो फितूर आहे."

मग मीच कापलं. ब्लेड ज्योतीवर धरलं, गार होऊ दिलं, एक घाव. वाटलं होतं त्याहून मऊ होतं. आईच्या जखमेवर कोळशाची पूड. कळ्यांसकट भूत माझ्या तळहातावर – वजन असं काही नव्हतंच. खाली एकच मूळ, तेही दोऱ्यासारखं.

म्हटलं, "पुढचा फुटवा तुमचा, असं कबूल केलं होतं."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. आणि मला एवढं वाकून नमस्कार केला की मला बघवेना. त्यांनी असं वाकावं अशी मी कुणीच नाही.

१८ जुलै

काकूंचा फोन – फुललं! ओल्या मॉसात, बशीत, गुरुजींच्या उशाशी. दुकान त्सुनेओवर टाकून गेले. पाचातली तीन फुलं उघडली होती. खोलीत शिरतानाच वास. तांदूळ शिजत आला की झाकणाखालून येतो ना, त्यात कुणी थोडी साखर आणि फुलं घालावीत तसा. पानं कडेनं वाळायला लागली होती.

वाकताना सवयीनं कागद तोंडाशी नेला. गुरुजी म्हणाले, "काढ तो. वास कसा घेशील?"

स्वतः त्यांनी कागद घेतलाच नव्हता. इतक्या वर्षांत झाडाजवळ त्यांचं तोंड उघडं मी पहिल्यांदा पाहिलं. हसत होते. आम्ही तिघं त्या बशीभोवती बसलो, संध्याकाळ होईपर्यंत. काकूंनी युझूचं लिंबू पिळून मासा वाढला, तोही त्या वासातच खाल्ला.

३० जुलै

भूत गेलं. काकूंनी अंगणात पुरलं.

इकडे आईला मुळाचं नवं टोक, माणकासारखं लाल. निशिमोरीला दाखवलं. "भोक बुजलं म्हणायचं," म्हणाला, आणि मला भाजलेल्या बोनिटोचा अख्खा तुकडा देऊन गेला. मंडळात सगळे खूश. आता पुढचा फुटवा रेघांचा आला की मिनासोको तरलं. मीही खूश. वरच्या खोलीत सकाळी फारशी जात नाही.

१४ सप्टेंबर

आईच्या बुडाशी नवा कोंब आलाय. कोंब सुरुवातीला फिकटच असतो, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. आज पहिलं पान सुटलं. पांढरं.

गुरुजींना फोन केला. सांगितलं. पलीकडून हळूच – "सुंदर आहे का गं?"

हो म्हटलं.

"मंडळात कुणाला बोलू नकोस एवढ्यात. मी येतो."