बारबारेस्को आणि तोंडाला कुलूप

४ नोव्हेंबर, मंगळवार

ती यायला तयार झाली. शनिवारी, फक्त जेवायला. मेव्हण्याने निरोप दिला — "ताई म्हणते, जेवून लगेच निघेन. आणि सूचना ऐकून घेणार नाही."

सूचना! चार महिने भावाकडे जाऊन राहिली आहे. जाताना म्हणाली होती, "तुमच्याबरोबर जेवणं म्हणजे रोजची तोंडी परीक्षा." चूक दिसली की सांगावी, एवढंच मला कळतं.

वाइन इटालियनच. लाल. एवढं नक्की.

५ नोव्हेंबर

बारोलो घ्यावी? मानाची आहे, पण कोवळी असली तर जीभ आवळून धरते. कियान्ती बरी, पण ती चारचौघांत प्यायची. दोघांत नको.

आज माझ्या फोटोफ्रेमच्या दुकानात एका फ्रेमचे कोपरे चुकीचे कापले. माझ्या हातून!

६ नोव्हेंबर

वाइनवाला म्हणाला, "साहेब, ही बर्बरीस्को न्या. बायका खूश होतात."

म्हटलं, बारबारेस्को. आणि बायका नव्हे, बायको.

"मग तर महागातलीच न्या."

घेतली. द्राक्ष बारोलोचंच, स्वभाव जरा मवाळ. रंग फिका असतो. तिला वाटेल पाणी घातलंय. समजावून सांगावं लागेल —

नाही. काही सांगायचं नाही. कॉलेजची पायरी चढलो नाही, हे सगळं पुस्तकं वाचून, घोट घोट चाखून शिकलो. आणि नेमकं तेच गिळून बसायचं. बसेन.

७ नोव्हेंबर

ग्लास पुसले. परत पुसले. ठरलं ते ठरलं — तोंडाला कुलूप.

८ नोव्हेंबर, शनिवार

आली. केस कापलेत. शोभतात. बोललो नाही, उगाच शेरा वाटायचा.

मटण मंद आचेवर छान शिजलं होतं. वाइन ओतली. तिने ग्लासात पाहिलं, उठली, फ्रीजमधून बर्फ आणला आणि दोन खडे टाकले. बारबारेस्कोत! बर्फाने लाल वाइनची चवच मरते. गळ्याशी आलेले शब्द मटणाबरोबर खाली ढकलले.

ती माझ्याकडेच बघत होती. "काही म्हणायचंय?"

"छे."

तिने तिसरा खडा टाकला.

"आवडली?" मी विचारलं.

"पाण्यासारखी आहे."

मी मान डोलावली. त्यानंतर तिने दोन घास कसेबसे खाल्ले आणि गाडी बोलावली. दारात म्हणाली, "तब्येत बरी आहे ना तुमची?" म्हटलं, ठणठणीत.

एक शब्द वावगा गेला नाही. हवं होतं तिला तसंच वागलो. मग अर्ध्या जेवणातून उठली का? घरभर फेऱ्या मारतोय.

९ नोव्हेंबर

मेव्हण्याचा फोन. "भावोजी, काय बोललात ताईला? आल्यापासून रडतेय."

"एक अक्षर नाही."

"तेच सांगतेय ती. मुद्दाम बर्फ टाकला, तरी हूं नाही की चूं नाही. म्हणते, त्यांचं माझ्यावरचं मनच उडालं."

शर्ट बदलून निघतोय. त्या बर्फावरून तिला चांगलं तासभर ऐकवणार आहे.