तुझ्या चवीची बिअर

२ नोव्हेंबर

"यंदा नाताळची बिअर तू करायची."

बाबांनी पाटी माझ्या नाकासमोर धरली. मी मान डोलावली, तर त्यांनी बाहीने पुसून पुन्हा लिहिलं – "तुझ्या चवीची." मी वाचलं न वाचलं तोच तेही पुसलं.

वसंतात घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, तेव्हापासून ही पाटी. फळीला काळा रंग देऊन त्यांनी स्वतःच केली. फोनवर लिहा म्हटलं होतं मी. उत्तर – "बोटं जाड आहेत." दोन शब्द लिहितात आणि लगेच पुसतात, जणू खडूचे पैसे पडतात.

माझी चव! आमच्या घरची बिअर म्हणजे बाबांची बिअर – काळपट, जड, आल्डरच्या लाकडाचा धूर प्यायलेली. दरीतले लोक बर्फातून चालत येतात तिच्यासाठी. तिच्यात माझं काय?

४ नोव्हेंबर

झोप नाही. बाबांनी "तुझ्या चवीची" असं का लिहिलं? मला वाईट वाटू नये म्हणून. दुसरं काय असणार. तेव्हा करायची ती त्यांचीच. हुबेहूब.

५ नोव्हेंबर

बार्ली ओढ्यात भिजत घातली. पोती बांधलेली दोरी सुटेल म्हणून तीनदा बघून आले. चौथ्यांदा निघाले तशी बोर्गहिल्ड आत्या दारात आडवी उभी. "सुन्निवा, आपल्या घराण्यात कॉलेजात गेलेली तू पहिली, कबूल. पण दोरी गाठीने बांधतात गं, काळजीने नाही."

बाबांचे खांदे हलत होते. हल्ली ते असे हसतात.

९ नोव्हेंबर

रान्दीचा फोन. कॉलेजसाठी त्रोन्हाईमला आम्ही एका खोलीत राहतो. तिथे ती कपाटात बिअर करते. तिला सगळं सांगितलं. "बाबांची राहू दे," म्हणाली, "तुला काय आवडतं ते सांग."

"मला कुठे काय कळतं बिअरमधलं!"

"बिअर सोड. कॉफी कशी पितेस?"

काळी, बिनसाखरेची.

"पावाला काय लावतेस?"

रानातल्या लाल फळांचा मुरंबा. आंबट. आत्या साखर घालायच्या आधीच मी वाटीत काढून ठेवते.

"आणि धुरावलेला मासा? मी आणते तेव्हा खिडकी कोण उघडतं गं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"झालं तर," रान्दी म्हणाली. "तुझी बिअर हलकी, कडू आणि शेवटी जराशी आंबट. धूर नाही. ह्याला काय शास्त्र लागतं? रोज जिभेवर जे मागतेस तेच भांड्यात मागायचं."

फोन ठेवला आणि कोणी ऐकलं नाही ना म्हणून मागे वळून पाहिलं. धूर नाही! आमच्या घरात! हे म्हणजे आजोबांच्या थडग्यावर उभं राहून बोलल्यासारखं.

१४ नोव्हेंबर

मोड छान आले. ते वाळवून माल्ट करायचं, म्हणून माल्टघरात आल्डर पेटवला. बाबा ओंडक्यावर बसून काठीने दाखवत होते – इकडे पसर, तिकडे उलट. डोळ्यांतून पाणी, केसांत धूर. इंगेब्रिग्ट काका पलीकडच्या शेतावरून वास घेत आले. "आसबियोर्न, ह्या वासासाठी मी मेलेला उठून येईन रे!" बाबांनी अंगठा वर केला.

शेवटी टोपलीभर मोड उरले. तेवढ्यासाठी पुन्हा धूर कशाला? बाबांना विचारलं, स्वयंपाकघरात चुलीवरच्या फळीवर वाळवू का. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग होकाराची मान हलवली.

चुलीवरच्या माल्टला बिस्किटांसारखा वास येतोय. येता-जाता चार दाणे तोंडात टाकते आहे. वाया जायला नको म्हणून वाळवलं – एवढंच.

२० नोव्हेंबर

आत्या चिडली आहे. बाबा बटाट्यांवर मीठ ओततात. "माझ्या हाताला चव उरली नाही असं सरळ लिही की पाटीवर!" त्यांनी लिहिलं, "लोणच्यातला हेरिंग मासा आण." आजही तोच, उद्याही तोच.

२६ नोव्हेंबर

कसं लिहू. मी आज मोठी चूक केली.

पहाटेपासून सगळं नीट चाललं होतं. जुनिपरच्या फांद्या टाकून पाणी उकळलं, माल्ट भिजवलं, रस गाळला, कोमट केला. बाबांच्या पद्धतीत तसूभर फरक केला नाही. आत्या, इंगेब्रिग्ट काका, सगळे पिंपाभोवती उभे. बाबांनी घरचं विरजण माझ्या हातात दिलं – पणजीच्या वेळेपासून दर नाताळला ह्याच विरजणाने आमची बिअर आंबते. ते ओतताना ओरडायचं असतं. छप्पर हलेल असं. बाबा ओरडायचे तेव्हा काकांचा कुत्रा उत्तर द्यायचा. न ओरडता ओतलेली बिअर मुकी निघते म्हणतात – प्यायलेले लोक गप्प बसतात, भांडतात, घरी जातात.

मी वाडगा उचलला. समोर बाबा. गळ्यावर तो पांढरा कपडा, त्याच्यामागे ते श्वास घेण्याचं भोक. आणि मला वाटलं, ह्यांच्यासमोर मी ओरडू? ज्यांना ओरडता येत नाही त्यांच्यासमोर? मी हळूच ओतलं. आवाज न करता. मला ते सभ्यपणाचं वाटलं.

"अगं..." म्हणून आत्या थांबली. बाबांनी पाटी पिंपाच्या कडेवर आपटली. खडू मोडला. लिहिलं –

"आवाज माझा गेलाय. तुझा नाही."

मग ओरडले मी. काय ओरडणं ते! "कोंबडीवर पाय पडला काय गं कोणाचा?" इंगेब्रिग्ट काका म्हणाले. सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

२७ नोव्हेंबर

बाबांनी पाटी आणली. "रागावलो नाही." पुसलं. गेले.

२९ नोव्हेंबर

दूध करपलं.

आत्या गोठ्यात होती, मी तळघरात पिंपाला कान लावून – बिअर बोलते आहे की मुकी, ते ऐकत. वास आला तशी धावत वर आले. स्वयंपाकघर निळं झालेलं. आणि बाबा? चुलीपासून हाताच्या अंतरावर बसून चमचा कोरत होते! पाठ चुलीकडे. मला पाहून हसले, चमचा दाखवला. छान झालाय, असं.

मी भांडं उचललं तेव्हा त्यांना दिसलं. त्यांचा चेहरा पडला.

गोठ्यात जाऊन आत्याला धरलं. आधी म्हणाली, लक्ष नसेल. मग हातातली बादली खाली ठेवली. "तो नाकाने श्वास घेतो का आता? गळ्याने घेतो. मग वास कुठून येणार? डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. जिभेला कळतं तेवढंच कळणार – खारट, कडू, आंबट, गोड. बाकी चव म्हणजे सगळं नाक, म्हणाले. 'सुन्निवाला सांगू नको' असं त्याने लिहून दिलं मला. परीक्षा होती ना तुझी."

परीक्षेत मला चांगले गुण मिळाले होते. मी फोन करून ते सांगितलं, आणि बाबांनी फोनवर खडूने टकटक केलं होतं.

माल्टघरात दिवसभर बसून होते ते. आल्डरच्या धुरात. वासाशिवाय.

१ डिसेंबर

पहिली चव. सगळे जमले. रिवाजाप्रमाणे पहिला वाडगा घरच्या कर्त्याला. तो प्यायल्याशिवाय आणि काही बोलल्याशिवाय दुसऱ्या कोणी ओठ लावायचा नाही.

बाबांनी वाडगा उचलला. एक घोट. आणि मग – हे मी एकटीनेच पाहिलं, कारण मी त्यांच्याशिवाय कोणाकडे बघतच नव्हते – काही लिहिण्याआधी वाडगा त्यांनी इंगेब्रिग्ट काकांच्या हातात दिला. रिवाज मोडून. काका प्यायले, त्यांचा चेहरा उजळला. "आसबियोर्न! ही तर तुझीच! डोळे बांधून दिलीस तरी सांगेन!" बाबा त्यांच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होते. मग पाटी घेतली. "उत्तम झाली आहे."

टाळ्या. गाणी. मुकी नाही निघाली बिअर. मला सगळ्यांनी मिठी मारली.

हुबेहूब केली मी. त्यांना सोडून सगळ्यांना मिळाली.

३ डिसेंबर

मी बाबांसमोर बसले. विचारलं, कशी लागली? खरं सांगा.

त्यांनी लिहिलं, "कोमट. गोडसर. जड." पुसलं. "तुझी चूक नाही." पुसलं. मग पुन्हा, मोठ्या अक्षरात – "मी काय म्हणालो होतो?"

तुझ्या चवीची.

म्हणजे ते माझं मन राखायला नव्हतं लिहिलेलं. स्वतःच्या बिअरवर ते आता हो-नाही म्हणू शकत नव्हते. माझ्या बिअरवर मी तरी म्हणू शकले असते. आणि मी महिनाभर त्यांचीच नक्कल करत बसले! त्यांनी एकच गोष्ट मागितली होती आणि मी आज्ञाधारकपणे तेवढीच सोडून बाकी सगळं केलं.

"मला धूर आवडत नाही," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. "कधीच आवडला नाही."

बाबांचे खांदे हलायला लागले. लिहिलं, "माहीत आहे. लहानपणी कुंडीत ओतायचीस. जिरेनियम मेलं."

६ डिसेंबर

कामाला लागले. चुलीवरचं माल्ट दुधाच्या कॅनपुरतं आहे. हॉप्सची कडू बोंडं घराच्या भिंतीवरच्या वेलाची – बाबा मूठभर टाकतात, मी ओंजळभर टाकणार. जुनिपरची फळं ठेचून. शेवटी लाल आंबट फळं, साखर न घालता.

आत्याने कॅनमध्ये डोकावून पाहिलं. "हे काय, रंगच नाही! पाण्याला ताप आल्यासारखं दिसतंय." आणि हॉप्स पाहून, "एवढं कडू पिणार कोण?"

"मी," म्हटलं. केवढं विचित्र वाटलं ते बोलताना. कोणी विचारलं असताना "मी" म्हणणं.

१० डिसेंबर

आज विरजण घातलं. ह्या वेळी फक्त आम्ही तिघं. बाबा समोर उभे. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि ओरडले. कुठून आला आवाज कोण जाणे! आत्याने कान झाकले. बाबांनीही तोंड उघडलं होतं, पूर्ण, माझ्याबरोबर – नुसता वारा आला गळ्यातून – आणि पायाने जमीन दणाणून सोडली.

पलीकडच्या शेतावर काकांचा कुत्रा भुंकला.

१५ डिसेंबर

कॅनमधून चमचाभर प्यायले. तोंड जरा आवळलं, मग हलकं झालं. आवडली! मला माझी बिअर आवडली. लिहिताना लाज वाटते आहे आणि तरी लिहिते आहे. बाबांना द्यायची हिंमत होत नाही. त्यांना काय मिळणार हिच्यातून? पाटीवर पुन्हा "उत्तम" वाचलं तर मी रडेन.

२३ डिसेंबर

त्यांनी स्वतःच कॅन उघडला. वाडगा भरला. बघायला दुसऱ्या कोणाचा चेहरा नव्हता, माझ्याकडेही पाहिलं नाही. प्यायले. थांबले. पुन्हा प्यायले. तोंड माझ्यासारखंच आवळलं. वाडगा रिकामा करून पुढे केला – अजून. मी भरेपर्यंत त्यांनी पाटी गुडघ्यावर घेतली होती.

"कडू."

आणि खाली –

"आंबट."

बाही वर गेली, आणि तशीच थांबली. पाटी त्यांनी खिडकीत उभी करून ठेवली. न पुसता.