शुद्धिपत्रासह लग्नपत्रिका

चि. धाकटीस,

ताईचे आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? व्यायाम तू चुकवतच असशील, तेव्हा 'बरा आहे' असं कळवू नकोस, दिवसाला किती पायऱ्या चढतेस तो आकडा कळव. तुझ्या यजमानांचा खोकला थांबला असेल तर त्यांना माझा नमस्कार सांग. थांबला नसेल तर आधी डॉक्टरकडे पाठव आणि मग सांग. इकडे आम्ही ठीक. यांचं वजन दोन किलोंनी वाढलं (लग्न लेकीचं, पण कुठे काही चाखून बघायचं असलं की पुढे हे), माझं दोन किलोंनी उतरलं, म्हणजे घराचं एकूण वजन कायम.

लग्न सात आठवड्यांवर आलं तरी तुला पत्रिका मिळालेली नाही, आणि 'ताईने मला यादीतून काढलं वाटतं' असं तू आत्तेबहिणीपाशी म्हणालीस. ते माझ्यापर्यंत यायला दीड दिवस लागला, तिच्या मानाने उशीरच. तुला काढलेलं नाही. छापखान्याची चूक झाली आणि पत्रिका अडकल्या. त्या दिवसापासून तुझी भाची माझ्याशी कामापुरतं बोलते आहे, आज नववा दिवस. 'गॅस बंद केला.' 'किल्ली घेतली.' संपलं. सात आठवड्यांनी ज्या पोरीला घर सोडून जायचं आहे तिचे नऊ दिवस असे फुकट गेले, त्याचं मला काय वाटतं ते लिहीत बसत नाही. कसं झालं ते मात्र सविस्तर लिहिते, कारण या सगळ्याच्या मुळाशी विहीणबाई आहेत.

विहीणबाईंबद्दल माझ्या मनात काहीही नाही, हे आधीच स्पष्ट करते. त्या दंतवैद्य आहेत. हसतात तेव्हा बत्तीसच्या बत्तीस दिसतात, आणि तो त्यांचा धंदाच असल्यामुळे तक्रारीला जागा राहत नाही. साठीला टेकल्या तरी जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढतात. आवाज कधी चढवत नाहीत. (तीस वर्षं ज्यांच्या तोंडात यंत्र घातलेलं आहे अशाच माणसांशी बोलत राहिलं तर कोणाचाही आवाज चढणार नाही. समोरून उत्तरच येत नाही. माझ्या घरी काय परिस्थिती आहे ते तुला माहीत आहे.) यांना त्यांच्या हातचा चहा आवडला. पस्तीस वर्षांत माझ्या चहाला यांनी 'गरम आहे' यापलीकडे अभिप्राय दिलेला नाही.

हॉलचंच घे. हॉल मी शोधला, मी बघितला, तारीख मी पक्की केली. मॅनेजरची वाट बघत त्याच्या खोलीत बसले होते, तर समोर भिंतीवर पाटी: 'खूर्च्या मूळ जागी ठेवाव्यात. परवानगी शिवाय भींतीस खिळे ठोकु नयेत.' दोन वाक्यांत चार चुका. आता तूच सांग, पर्समध्ये लाल पेन असताना माणसाने काय करावं? मॅनेजर आत आला तेव्हा मी त्याच्याच खुर्चीवर उभी होते आणि तिसऱ्या चुकीपर्यंत पोचले होते. दोन दिवसांनी फोन आला, की तुमची तारीख नजरचुकीने दुसऱ्या पार्टीला दिली गेली आहे. लेक रडकुंडीला आली, आणि विहीणबाई म्हणाल्या, मी जाऊन येते. त्या गेल्या तेव्हा मॅनेजर गालावर हात दाबून बसला होता. त्यांनी तिथेच त्याला आ करायला लावला, दवाखान्यात नेला आणि दुपारपर्यंत दाढ काढून दिली. त्याची अक्कलदाढ गेली आणि आपली तारीख परत आली. हा किस्सा लेकीने दोन्हीकडच्या नातेवाइकांना हसून हसून सांगितला. चौथी चूक कोणती होती, हे एकाने विचारलं नाही. (नवी पाटी लावली आहे. पाच चुका आहेत. मी मुद्दाम जाऊन बघून आले.)

मग कपडे. मी म्हटलं गडद निळा, तिला खुलतो. विहीणबाईंनी फिकट जांभळा सुचवला. मी म्हटलं, त्यात पोर नुकतीच तापातून उठल्यासारखी दिसेल. शिंपीणबाई शहाणी, ती तोंडात टाचण्या धरून दोघींकडे बघत राहिली आणि टाचण्या आहेत म्हणून बोलता येत नाही असं भासवत राहिली. शेवटी फिकट जांभळा झाला. लेक तो घालून आरशासमोर उभी राहिली, आणि खोटं कशाला लिहू, ती सुरेख दिसत होती. मी बाहेर जाऊन शिंपीणबाईंच्या कुंड्यांना पाणी घातलं. हे मी कोणाला बोललेले नाही, तूही बोलू नकोस.

आणि एक सांगायचं राहिलं, फार लहान गोष्ट आहे. मागच्या महिन्यात मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते. बाहेरून लेकीचा आवाज आला, "हो आई." मी "काय गं?" म्हणून ओ दिली आणि हात पुसत बाहेर आले. ती फोनवर होती. ती हाक माझी नव्हती. मी तशीच आत गेले आणि लावलेली भांडी पुन्हा एकदा लावली.

तेव्हाच ठरवलं, की पत्रिका माझ्या हातची. एकतीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. पुस्तकात चूक राहिली की आत 'अमुकऐवजी तमुक वाचावे' अशी चिठ्ठी घालतात ना, शुद्धिपत्र, ते माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही पुस्तकाला लावावं लागलं नाही (हे तू पूर्वी ऐकलं आहेस; पुन्हा ऐक). मजकूर लेकीने लिहिला, मी तपासला, मालकांनी जुन्या ओळखीने चांगला कागद वापरला. आणि शेवटच्या ओळीत नेमकी चूक झाली. तीनशे पत्रिका. छापखान्यांचं काही खरं राहिलेलं नाही.

असो. पत्रिका सोबत आहे. उघडताना आतली चिठ्ठी खाली पडू देऊ नकोस. यजमानांना सांभाळ, गुडघ्याकडे लक्ष दे.

तुझी,
ताई

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी सवयीने लाल पेन घेऊन वाचलं. शुद्धलेखन निर्दोष आहे. छापखान्याला मात्र दोनदा दोष दिला आहे आणि दोन्ही ठिकाणी तो खोटा आहे. लेकीने शेवटची ओळ लिहिली होती, 'माझ्या दोन्ही आया तुमची वाट पाहत आहेत.' मी वाचलं, आणि मला ती फोनवरची हाक ऐकू आली. म्हटलं, अजून लग्न व्हायचं आहे आणि विहीणबाई पत्रिकेवरसुद्धा आल्या. मनाला समजावलं, की 'आया' वाचून लोकांना वाटेल या मुलीला सांभाळायला बायका ठेवल्या होत्या. चार ठिकाणी पेन चालवलं, 'माझी आई तुमची वाट पाहत आहे' असं केलं, खाली 'छापावे' लिहून सही ठोकली. पत्रिका आल्यावर पहिली प्रत मी स्वतः विहीणबाईंच्या हातात दिली. (त्यांचा चेहरा बघायचा होता. हेही लिहूनच टाकते.) त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि साधेपणाने विचारलं, "अहो, यात मावशींचं कुठे आहे?"

त्यांना माहीत होतं, धाकटे. लेकीने त्यांना सांगितलं होतं, की ती लहान असताना मी संध्याकाळच्या पाळीला जायचे, आणि चार वर्षं तिला भरवलं, निजवलं ते तू. मला सांगावं लागेल असं तिला वाटलंच नाही. लेकीने पत्रिका टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "दुसरीतही तू हेच खोडलं होतंस." मला आठवेना. मग आठवलं. 'माझी आई' हा निबंध. तिने लिहिलं होतं, 'मला दोन आया आहेत.' मी कामावर निघता निघता लाल पेनाने 'एक आई आहे' असं केलं होतं, आणि वही तिच्यापुढे सारून बस गाठायची म्हणून निघून गेले होते.

ता. क. २. आतल्या चिठ्ठीवर छापलं आहे : 'शुद्धिपत्र. शेवटच्या ओळीत "माझी आई तुमची वाट पाहत आहे" याऐवजी "माझ्या दोन्ही आया तुमची वाट पाहत आहेत" असे वाचावे.' माणसांसाठी 'दोघी' हवं, 'दोन्ही' नव्हे, हे मी लेकीला सांगितलं. मग पेन खाली ठेवलं. मी 'दोन्ही' राहू दिलं. सगळी चिठ्ठी तिनेच वाचली आणि मग मी खाली सही केली. आज सकाळी दोघी टेबलाशी बसून तीनशे पत्रिकांत चिठ्ठ्या घालत होतो, तेव्हा नऊ दिवसांत ती पहिलं बिनकामाचं वाक्य बोलली. ते असं, "मावशीला कधी बोलावतेस?" तर बोलावते आहे. लग्नाला नको, आता ये. मागची खोली झाडून ठेवली आहे. ती तुझ्याशी भरभरून बोलेल आणि मी शेजारच्या खोलीत काहीतरी आवरत बसेन. विहीणबाईंचं म्हणशील तर त्यांचा हेवा मी चारच महिने केला, तोही हाताशी होत्या म्हणून. तुझा पंचवीस वर्षं करते आहे.

ता. क. ३. मात्र घरात ती 'आई' म्हणून हाक मारेल, तेव्हा आधी मी ओ देणार. तू गुडघा सांभाळून सावकाश उठायचं.